कंपनीच्या जन्माची फिल्म कोकणात कशी करावी

टेक कंपनीच्या स्थापनेवर फिल्म करायची म्हटलं की पहिल्या पानावर हमखास लॅपटॉप येतो, कोड येतो, रात्रभर जागणारी दोन पोरं येतात. तिथेच फिल्म अडकते. कोड लिहिणाऱ्या माणसाकडे पाच सेकंदांच्या वर कुणी बघत नाही, कारण त्याच्यासमोर दुसरा माणूसच नसतो. या जातीच्या फिल्मचं नाटक वाट्यात असतं: कुणाचा वाटा किती, आणि तो कुठल्या कागदावर लिहिला. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. सामाईक सातबारा, चुलत्याच्या नावावर राहिलेली कलमं, घराच्या मधोमध घातलेली भिंत आपण लहानपणापासून बघतो. स्टार्टअपची फिल्म म्हणजे भाऊबंदकीची फिल्म, फक्त जमिनीच्या जागी शेअर. हे धरून ठेवलंत तर रत्नागिरीतल्या एका खोलीत आणि मालवणातल्या एका पडवीत घट्ट फिल्म होते.

पुढचं सगळं २० ते २५ मिनिटांच्या फिल्मसाठी, पाच-सात जणांच्या टीमसाठी आणि एक बरा कॅमेरा किंवा फोन जवळ असलेल्यांसाठी आहे.

आधी वाटणीचं गणित, मग कथा

कथा लिहिण्याआधी शेअरचा तक्ता मांडा. तक्ता चुकला की शेवटचा सीन कोसळतो. प्रेक्षकांत एखादा सीए किंवा बँकेतला माणूस असला तर त्याच्या ते तिथल्या तिथे लक्षात येतं.

नमुन्याला एक कंपनी धरू. बंदरावरच्या लिलावातला मासळीचा भाव गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पोचवणारं ॲप. दोन मित्र. दहा रुपये दर्शनी किमतीचे एकूण १०,००० शेअर, म्हणजे १ लाखाचं भांडवल. एकाकडे ६,०००, दुसऱ्याकडे ४,०००. त्यांना इथे साठवाला आणि चाळीसवाला म्हणू.

आता धंदा वाढवायला पैसा हवा. कंपनी १०० रुपये भावाने ३०,००० नवे शेअर काढते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६२ प्रमाणे राइट्स इश्यूत हे शेअर आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करावे लागतात: साठवाल्याला १८,०००, चाळीसवाल्याला १२,०००. चाळीसवाल्याला आपला वाटा टिकवायचा तर १२ लाख रुपये घालायला हवेत. देकारपत्राची, म्हणजे शेअर देऊ करणाऱ्या पत्राची, मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. मुदतीत होकार आला नाही तर तो नकार धरला जातो आणि ते शेअर बोर्ड दुसऱ्याला देऊ शकतं. साठवाला कलमांची बाग गहाण टाकून ६ लाख उभे करतो, ६,००० शेअर घेतो आणि उरलेल्या १२,००० शेअरांचा हक्क मुंबईच्या गुंतवणूकदाराच्या नावे सोडतो. कंपनीच्या नियमावलीत मनाई नसेल तर असा हक्क सोडता येतो. चाळीसवाल्याने न घेतलेले १२,००० सुद्धा गुंतवणूकदाराकडेच जातात.

झाल्यावरचा हिशेब असा: एकूण ४०,००० शेअर. गुंतवणूकदार २४,०००, म्हणजे ६० टक्के. साठवाला १२,०००, म्हणजे ३० टक्के. चाळीसवाला ४,०००, म्हणजे १० टक्के.

हा हिशेब लिहायच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवा. चाळीसवाल्याचा एकही शेअर कुणी काढून घेतलेला नाही. आदल्या रात्री ४,००० होते, सकाळीही ४,०००च आहेत. आणि ज्याने हे घडवलं त्याच्याही हातात कंपनी उरलेली नाही, वर बाग गहाण. फिल्मचं सगळं दुःख या आकड्यांत आहे. फेसबुकच्या स्थापनेवरच्या 'द सोशल नेटवर्क' या २०१० च्या चित्रपटाचा कळसही असाच आकड्यावर उभा आहे: ३४ टक्क्यांच्या वर वाटा असलेल्या मित्राला कळतं की आपला वाटा ०.०३ टक्क्यावर आलाय. त्या सीनचा सगळा जोर आकड्यावरच आहे.

नव्या शेअरांनी वाटा पातळ कसा होतो हे प्रेक्षकाला एका मिनिटात समजावायचं असेल तर वकिलाच्या तोंडी भाषण घालू नका. जेटीवर जा. मासेमारीच्या होडीवर होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, तांडेलाचा वेगळा, खलाशाचा वेगळा. तांडेल मासळीचे वाटे घालतोय, तेवढ्यात आणखी दोन टोपल्या वाट्याला येऊन बसतात आणि प्रत्येक टोपलीतले बांगडे कमी होतात. एवढा एक शॉट पुरे. मात्र एक प्रामाणिकपणा पाळा: नव्या शेअरांबरोबर कंपनीत ३० लाख आलेही आहेत. म्हणून गुंतवणूकदाराला मिशीवर ताव देणारा खलनायक करू नका. त्याचं म्हणणं बरोबर वाटलं पाहिजे. तरच दोघा मित्रांतली फट दिसते.

कायद्याच्या आणखी चार गोष्टी कथेला हाताशी धरतात:

- अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनीला शेअर काढायची कमाल मर्यादा, सुरुवातीपासूनच ४ लाखांचं ठेवा. १ लाखाचंच ठेवलं तर ते वाढवायला सर्वसाधारण सभा लागते आणि एक कोरडा सीन गळ्यात पडतो.
- बोर्डाच्या सभेला किमान दोन डायरेक्टर हजर हवेत. म्हणून चाळीसवाला गैरहजर असताना ठराव व्हायचा तर तिसरा डायरेक्टर लागतो. ती साठवाल्याची बहीण असू दे. तिच्या सहीला जे वजन येतं ते परक्या माणसाच्या सहीला येत नाही.
- बोर्डाच्या सभेची नोटीस सात दिवस आधी सगळ्या डायरेक्टरांना जावी लागते, चाळीसवाल्यालाही. म्हणजे त्याच्या घरी एक नाही, दोन पाकिटं येतात.
- अन्याय झाला म्हणून दाद मागायची तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे. म्हणजे चाळीसवाल्याला रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायची आहे. सावंतवाडीहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस दादरला जाते. प्रवासाचा सीन हवाच असेल तर तो आयता आहे.

खऱ्या कंपन्यांचे कागद वाचायचे असतील तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कोणत्याही कंपनीची घटना, नियमावली आणि शेअरवाटपाचा पीएएस-३ फॉर्म १०० रुपये फी भरून बघता येतो. एकदा तरी बघाच. कागदाची भाषा, शिक्क्याची जागा, तारखांची पद्धत सगळं तिथून कळतं. त्याच पोर्टलवर नावाचा शोध फुकट आहे. तुमच्या काल्पनिक कंपनीचं नाव खरोखर कुणाचं नाही ना, हे शूटिंगच्या आधी तपासा. पाटी, टी-शर्ट आणि ॲपची स्क्रीन रंगवून झाल्यावर कळलं तर सगळं परत करावं लागतं.

पाकीट

या कथेतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू लॅपटॉप नाही, देकारपत्राचं पाकीट आहे. ते स्पीड पोस्टाने, कुरिअरने किंवा ईमेलने जाऊ शकतं. कथेसाठी स्पीड पोस्ट घ्या, कारण पोस्टमन दारात येतो आणि सही घेतो. ते गणपतीच्या धांदलीत आणा. चाळीसवाल्याची आई कुंकवाच्या हाताने पाकीट घेते, पदराला हात पुसते आणि भिंतीतल्या देवळीत ठेवते. पाकिटावर कुंकवाचा एक अंगठा उमटतो. पुढे तीस दिवसांनी तेच पाकीट सापडतं तेव्हा संवादाची गरज उरत नाही.

हा शॉट जमायला तीन सारखी पाकिटं करून ठेवा: एक कोरं, एक ताज्या कुंकवाचं, एक महिनाभर पडून कडा मुडपलेलं. ताजं कुंकू ओल्या बोटाने लावलं की पसरतं. कोरड्या बोटाने, खोबरेल तेलाचा एकच थेंब घेऊन लावा, ठसा स्वच्छ उमटतो. जुन्या पाकिटाला चुलीचा हलका धूर द्या आणि रात्रभर उशीखाली ठेवा. पत्ता हाताने लिहू नका, कंपनीचं पाकीट छापील लेबलचं असतं. लेबलवर खरा पिनकोड आणि खोटा घरक्रमांक चालेल. कुणाचा खरा पत्ता नको.

गणपतीचा सीन गणपतीतच शूट करायला जाऊ नका. घर माणसांनी भरलेलं असतं, भजन चालू असतं आणि कुणाला तुमच्यासाठी थांबायला सांगणं बरं दिसत नाही. नोव्हेंबरात करा, फ्रेम घट्ट ठेवा: माटवीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचा, एक कोपरा, नारळ, सुपारी, केळीचा घड. कवंडाळ आणि शेरवड ही माटवीची रानफळं-रानफुलं पावसातच मिळतात. ती भाद्रपदात एकदा फोटोसारखी क्लोजअपमध्ये टिपून ठेवा आणि एडिटमध्ये मधे घाला.

रचना आणि संवाद

जन्मापासून यशापर्यंत सरळ ओळीत सांगितलेली कंपनीची कथा पंचवीस मिनिटांत मावत नाही. दोन ढाचे हाताशी आहेत. 'द सोशल नेटवर्क' दोन दाव्यांच्या जबान्यांच्या टेबलावरून मागे-पुढे जातो. 'स्टीव्ह जॉब्स' हा २०१५ चा चित्रपट १९८४, १९८८ आणि १९९८ मधल्या फक्त तीन सादरीकरणांच्या आधीच्या वेळेत घडतो. छोट्या फिल्मला आमच्या मते दुसरा ढाचा सोयीचा, कारण त्यात लोकेशन कमी लागतात. तीन संध्याकाळी निवडा: ॲप पहिल्यांदा चाललं ती, पाकीट आलं ती, आणि मुंबईला निघायची. मधलं सगळं गाळा. जबान्यांचा ढाचा घ्यायचाच असेल तर वाचनालयाचा किंवा पतसंस्थेचा हॉल, लांब टेबल, चार खुर्च्या आणि फायलींचा गठ्ठा एवढ्यात भागतं.

संवाद किती लांब, हे पानं मोजून ठरवू नका. 'द सोशल नेटवर्क'ची पटकथा १६२ पानांची होती आणि चित्रपट दोन तासांचा झाला, कारण माणसं भराभर बोलतात. नटांना टेबलाभोवती बसवा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, तीनदा वाचून घ्या आणि तिसऱ्या वाचनाची वेळ धरा. पहिल्या वाचनाला माणूस अडखळतो, दुसऱ्याला अभिनय करतो, तिसऱ्याला बोलतो.

बोली तीन ठेवा आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. घरात मालवणी, दोघा मित्रांत मालवणी-मराठी, गुंतवणूकदारासमोर इंग्रजी शब्दांनी भरलेली मराठी. साठवाला गुंतवणूकदारासमोर मालवणी सोडतो, तो क्षण प्रेक्षकाला ऐकू आला पाहिजे. चाळीसवाला मात्र शेवटपर्यंत 'सही खंय करूची?' असंच विचारतो. तांत्रिक शब्द लोक बोलतात तसेच लिहा: सर्व्हर बसला, ॲप हँग झालं, रेंज नाय, लिंक पाठव. 'संगणक प्रणाली' कुणाच्या तोंडात शोभत नाही. मालवणी संवादांना प्रमाण मराठी सबटायटल द्या, दोन ओळींच्या वर नको.

हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवा कोरडी, रातकिडे कमी, समुद्र शांत. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या गडबडीत घरं, गाड्या, माणसं काहीच मोकळं नसतं. पावसात रत्नागिरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. पावसाचा सीन हवा असेल तर एक दिवस वेगळा काढून फक्त बाहेरचे शॉट घ्या. आणि हे विसरू नका: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदर, लिलाव, होड्यांची ये-जा काहीही हवं असेल तर या ६१ दिवसांत मिळणार नाही. होड्या वर ओढून ठेवलेलं रिकामं बंदर मात्र याच दिवसांत मिळतं, आणि कंपनी बुडाल्याच्या सीनला त्याच्यासारखी जागा नाही.

किनाऱ्यावर दोन दिवस सलग शूट करणार असाल तर भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते हे धरून चला. काल पाच वाजता जिथे ओली वाळू होती तिथे आज पाच वाजता पाणी असेल. जुना ठोकताळा असा की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ ढोबळमानाने येते: अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. दोन दिवसांचा सीन भांगाला ठेवलात तर किनाऱ्याची रेषा फारशी हलत नाही. नक्की वेळ तिथल्या मच्छीमाराला विचारून घ्या.

लॅपटॉप आणि मोबाइलची स्क्रीन

टेक फिल्ममध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जवळपास सगळ्या चुका आधी टाळता येतात.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. फोन आपणहून ३० फ्रेम घेतो, आणि मग भिंतीवर वर-खाली सरकणारे पट्टे येतात. एडिटमध्ये ते नीट जात नाहीत. म्हणून फोनवर शटर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) हाताने ठरवता येणारं कॅमेरा ॲप वापरा आणि प्रत्येक खोलीत दहा सेकंदांची चाचणी घेऊन ती मोठ्या स्क्रीनवर बघा.

बऱ्याच लॅपटॉपच्या स्क्रीनही उजेड कमी केला की लुकलुकायला लागतात. ब्राइटनेस पूर्ण ठेवा आणि पानाचाच रंग गडद करा. पांढरं पान नटाचा चेहरा निळा-पांढरा करून टाकतं. स्क्रीनचा उजेड साधारण ६,५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका निळा), घरातला पिवळा बल्ब २,७०० ते ३,०००. दोन्ही एका फ्रेममध्ये हवेतच, पण व्हाइट बॅलन्स ४,००० च्या आसपास बांधून टाका. ऑटोवर ठेवलंत तर नट मागे रेलला की खोलीचा रंग बदलतो.

स्क्रीनवर इंद्रधनुष्यी लहरी दिसल्या तर कॅमेरा थोडा तिरका करा किंवा वीतभर मागे घ्या. तरी गेल्या नाहीत तर फोकस चेहऱ्यावर न्या.

खरं ॲप कधीच चालवू नका. रेंज जाते, अपडेटची खिडकी उघडते, कोपऱ्यात खरी तारीख दिसते. प्रत्येक स्क्रीनचं एक साधं वेबपान लॅपटॉपवरच करून ठेवा, नेट बंद करा, पान पूर्ण स्क्रीनवर उघडा. टाइप करायच्या सीनसाठी एक सोपी युक्ती आहे: कुठलंही बटण दाबलं तरी आधी भरलेल्या मजकुराचं पुढचं अक्षर उमटेल असं पान करा. प्रोग्रामिंग येणारा कुणीही ते तासाभरात करून देतो. मग नट बोटांकडे न बघता समोरच्या माणसाशी बोलू शकतो. आकडे मोठे ठेवा. लोक ही फिल्म मोबाइलवर बघणार. 'सुरमई ७८०' हे वीतभर स्क्रीनवर वाचता आलं पाहिजे.

आवाज

बोलण्यावर चालणाऱ्या फिल्ममध्ये चित्र थोडं डावं असलं तर चालतं, आवाज बिघडला तर फिल्म संपली. कोकणात आवाजाला चार शत्रू: गाज, पत्रे, रातकिडे आणि बोअरचा पंप.

गाज सतत असते म्हणून ती लक्षात येत नाही, पण दोन टेक जोडले की कळतं: भरतीला घेतलेल्या शॉटमध्ये ती जवळ, ओहोटीच्या शॉटमध्ये लांब, आणि प्रत्येक कटला समुद्र उडी मारतो. उपाय तीन. एका सीनचे सगळे शॉट दोन तासांच्या आत संपवा. माइकचं तोंड समुद्राकडे नाही, जमिनीकडे राहील असे नट उभे करा. आणि दोन मिनिटांची नुसती गाज वेगळी ध्वनिमुद्रित करा. एडिटमध्ये ती सगळ्या सीनखाली अंथरली की उड्या झाकल्या जातात.

पत्र्याचं छप्पर असलेलं घर संवादासाठी घेऊ नका. उन्हात पत्रा तडतडतो आणि पावसात ऐकूच येत नाही. पर्यायच नसेल तर आदल्या दिवशी पत्र्यावर गोणपाट किंवा माडाची विणलेली झापं पसरा. रिमझिम दबते, सर दबत नाही. जुनं कौलारू चिरेबंदी घर उत्तम. सारवलेली जमीन आवाज पिते. नवी फरशी असेल तर खोली घुमते. फ्रेमबाहेर जमिनीवर गोधड्या अंथरा, दोन गाद्या भिंतीला टेकवून उभ्या करा. टाळी वाजवून बघा. टाळीला शेपूट उरली तर अजून एक गोधडी.

कौलारू घरातला एक सापळा: काचेचं कौल. त्यातून पडणारा उन्हाचा चौकोन सुरेख दिसतो आणि अर्ध्या तासात टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला जातो. पाच मिनिटांच्या सीनमध्ये चौकोन चारदा जागा बदलतो. सकाळीच वर गोणपाट टाकायला सांगा आणि आत दिवा लावून तोच चौकोन स्थिर पाडा.

कॉलर माइक हनुवटीच्या खाली वीतभर. सिंथेटिक शर्ट घासला की खरखरतो. साधा सुती शर्ट द्या. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि मोठ्यात मोठं ओरडणं उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक जागी सगळे गप्प बसून एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्या. कंटाळून हे टाळतात, आणि मग एडिटमध्ये दोन वाक्यांमधली शांतता भरायला काहीच नसतं. फ्रिज बंद करा. बंद करणाऱ्याची गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना तो चालू करायचा राहत नाही. पंपाची वेळ घरच्या माणसांना आदल्या दिवशी विचारा. पाणी सोडायच्या वेळेला आडवं जाऊ नका.

भांडणाचा सीन कसा घ्यायचा

पडवीत टेबल, दोन मित्र, मधे शेअरचं प्रमाणपत्र. छोट्या कंपनीचं प्रमाणपत्र कागदी चालतं. एसएच-१ नमुन्यात छापून घ्या, जाड कागदावर.

आधी कॅमेऱ्याशिवाय पूर्ण सीन पाच-सहा वेळा करा. मग दोघे दिसतील असा रुंद शॉट, दोन टेक. मग साठवाल्याची सगळी बाजू, त्यानंतर दिवे हलवून चाळीसवाल्याची सगळी बाजू. आलटून-पालटून घेऊ नका, प्रत्येक वेळी दिवे हलवण्यात दिवस जातो. ज्याच्या चेहऱ्यावर सीन संपतो त्याची बाजू आधी, म्हणजे तो ताजा असतो. 'द सोशल नेटवर्क'च्या पहिल्या सीनचे ९९ टेक घेतले गेले होते, अशी नोंद आहे. तुमच्याकडे तेवढा दिवस नाही. आठ-दहा टेक धरा. पाचव्यानंतर नटाला नवीन सूचना एकच द्या, तीही करायच्या कामाची: 'प्रमाणपत्र त्याच्याकडे सरकव, पण बोट काढू नकोस.' 'अजून दुःखी हो' याने काही होत नाही.

एकमेकांचं बोलणं तोडणारे संवाद सेटवर तोडू देऊ नका. समोरच्याचं वाक्य संपल्यावर अर्धा सेकंद थांबून बोलायला सांगा. तोडातोडी एडिटमध्ये करता येते. सेटवर आवाज एकमेकांवर चढले की नटाचा चांगला टेक दुसऱ्याच्या वाईट टेकला कायमचा बांधला जातो.

वेळेचा अंदाज: नव्या टीमने दिवसाला तीन पानं धरावीत. वीस पानांना सात दिवस.

दमट हवा आणि सामान

समुद्राजवळ दोन गोष्टी कॅमेरा खातात, खार आणि बुरशी. किनाऱ्यावर लेन्सला साधा फिल्टर लावूनच काम करा. संध्याकाळी आल्यावर कॅमेऱ्याचं अंग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. कोरड्या फडक्याने आधी पुसलंत तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. सामान रबराच्या कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि आत छोटा आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर राहिला की काचेवर जाळी धरायला सुरुवात होते. निळं जेल गुलाबी झालं की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास. एसी खोलीतून थेट बाहेर कॅमेरा काढू नका, लेन्सवर घाम येतो. बॅगेत बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

वीज जाणारच. बॅटरीवर चालणारे एलईडी दिवे घ्या, जनरेटर नको. स्वस्त इन्व्हर्टरवर लावलेला चार्जर रेकॉर्डरला गुणगुण देतो, म्हणून टेक चालू असताना रेकॉर्डर बॅटरीवरच.

परवानग्या

गावात ग्रामपंचायत आणि पोलिस ठाण्याला पत्र द्या. जेटी आणि बंदराला मेरीटाइम बोर्डाकडे विचारा, लिलावाच्या जागी मच्छीमार सोसायटीकडे. हर्णैसारख्या ठिकाणी लिलावाच्या वेळी लोकांचं पोट चाललेलं असतं. मधे उभं राहू नका, बाजूने दोन कॅमेरे ठेवा आणि कुणाला परत करून दाखवायला सांगू नका. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले पुरातत्त्व खात्याचे, तिथली परवानगी वेगळी आणि वेळखाऊ. रेल्वे स्टेशनातही परवानगीशिवाय नाही. गाडी सुटल्याचा नुसता आवाज आणि पडवीतला विझलेला दिवा, एवढ्यावर तो सीन निघतो. ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा असेल तर नोंदणी लागतेच.

एडिट

१०० मेगाबिटच्या ४के चित्रीकरणाला तासाला ४५ जीबी लागतात. रोज रात्री दोन ड्राइव्हवर प्रत करा आणि दुसरा ड्राइव्ह दुसऱ्या घरी झोपू द्या. कार्ड पुसायचं काम एकाच माणसाकडे ठेवा.

पहिला कट फक्त आवाजावर लावा, चित्राकडे न बघता. डोळे मिटून ऐकल्यावर कुणाचा वाटा किती हे कळलं तर चित्र जोडा. एक वाक्य संपायच्या आधी ऐकणाऱ्याचा चेहरा आणा. या फिल्ममध्ये बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा तोटा होत असतो. सबटायटल आणि स्क्रीनवरच्या मराठीत जोडाक्षरं तुटतात का ते तपासा. काही सॉफ्टवेअरमध्ये मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय निवडेपर्यंत 'क्ष' आणि 'र्य' फुटलेलेच दिसतात. तपासायला 'हक्क', 'लक्ष' आणि 'सर्व्हर' हे तीन शब्द टाइप करून बघा. सर्व्हरमधला रफार जागेवर बसला की बाकीचं बसतं.

तयार कट एकदा फोनवर, एकदा हॉलच्या स्पीकरवर ऐका आणि शेअरचा तक्ता माहीत नसलेल्या दोन माणसांना दाखवा. एकच प्रश्न विचारा: शेवटी कंपनी कुणाची? दोघांनी वेगळी उत्तरं दिली तर पाकीट उघडतो तो सीन परत लावायचा आहे. त्यातला आकड्याचा क्लोजअप तीन सेकंदांवरून पाचवर न्या.